पावसाळ्याच्या अखेरीस बेटांभोवतीची मासेमारी

कोकणात भाताची लावणी आटोपली आणि बेणणीची घाई ओसरली, की किनाऱ्यावरील कुटुंबांचे लक्ष दर्याकडे वळते. भात पोसवण्यास अद्याप अवकाश असतो, कापणी दीड-दोन महिने दूर असते आणि पावसाळ्याच्या आरंभापासून घरात मासळीचा पैसा आलेला नसतो. होडीची डागडुजी व जाळ्यांची दुरुस्ती यांसाठी काढलेले कर्जही डोक्यावर असते. त्यामुळे श्रावण-भाद्रपदात माणूस दर्यात उतरण्यास जितका उत्सुक असतो, तितका दर्या त्याला घेण्यास तयार असतोच असे नाही. पावसाळ्याच्या अखेरचे हे सहा-आठ आठवडे मच्छीमाराच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे होत. याच काळात मासळी किनाऱ्यालगत येते आणि बेटे व खडक यांच्या आसपास थोड्या श्रमात चांगली मिळकत होऊ शकते. परंतु होड्यांचे अपघातही याच काळात होतात आणि पुढील वर्षाची मासळी कोवळ्या वयात जाळ्यात सापडते ती याच काळात.

प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा, विशेषतः मालवण व वेंगुर्ले यांच्यासमोरील बेटे व खडक डोळ्यांपुढे ठेवून या काळातील दर्याचे स्वरूप आणि मासेमारीच्या रीती सांगितल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक गोष्टी कोकणच्या इतर भागांसही थोड्याफार फरकाने लागू पडतील.

तारीख, तिथी आणि दर्या

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस सामान्यतः १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. दर वर्षीचा शासकीय आदेश पाहूनच नेमकी तारीख ठरवावी. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांस या बंदीतून सूट असते; परंतु सूट म्हणजे अभय नव्हे. आदेश माणसांसाठी असतो. वारा व लाट त्याने बांधली जात नाहीत.

नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून होड्या लोटण्याची आपली जुनी प्रथा आहे. पावसाळ्याचा जोर ओसरेपर्यंत थांबावे, हा तिच्यामागील व्यवहार शहाणपणाचा आहे. तथापि चांद्र पंचांगातील अधिक महिन्यामुळे ही पौर्णिमा दर वर्षी मागेपुढे सरकते. २०२० साली ती ३ ऑगस्टला आली, तर २०२३ साली ३० ऑगस्टला. या दोन तारखांच्या दर्यात किती अंतर असते, हे किनाऱ्यावरील कोणासही सांगावयास नको. म्हणून केवळ आदेशाची तारीख अथवा केवळ तिथी यांवर विसंबू नये. दर्या एका दिवसात खुला होत नाही. तो पायरीपायरीने खुला होतो. प्रत्येक पायरीची खूण ओळखून त्याप्रमाणे साधन, जागा व अंतर ठरवणे, हेच या काळातील मासेमारीचे मुख्य सूत्र होय.

पाण्यात काय घडते?

नैर्ऋत्येकडील वारे वाहू लागले, की किनाऱ्यालगतचे वरचे पाणी हळूहळू बाहेरच्या बाजूस ढकलले जाते आणि त्याची जागा घेण्यास खोलवरचे थंड पाणी वर चढू लागते. ही क्रिया आधी केरळाच्या बाजूस सुरू होते आणि पुढे उत्तरेकडे सरकते. खालून आलेल्या या पाण्यात खताप्रमाणे पोषक द्रव्ये विपुल असतात. शेतात खत पडताच जशी रोपे तरारतात, तशा त्यायोगे समुद्रातील सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांवर सूक्ष्म प्राणी, त्यांवर तारली व बांगडा, आणि तारली-बांगड्यांवर सुरमईसारखे मोठे मासे अशी ही साखळी आहे. पावसाळ्यानंतर कोकणात बांगड्याचा हंगाम भरतो, तो या साखळीमुळेच.

परंतु या पाण्याची दुसरीही बाजू आहे. खोलवरून आलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. मेलेल्या सूक्ष्म जीवांचा गाळ तळाशी कुजताना उरलेला प्राणवायूही खर्ची पडतो. त्याच वेळी नद्यांचे व पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे दुधावर साय धरावी तसे वर पसरते. गोव्याच्या किनाऱ्यासमोर केलेल्या मोजणीत पावसाळ्याच्या अखेरीस हा वरचा थर अवघा ५ ते १० मीटर जाडीचा आढळतो. या सायीमुळे हवेतील प्राणवायू खालच्या पाण्यात मिसळू शकत नाही. परिणामी सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचे पाणी पुष्कळ ठिकाणी माशांना श्वासोच्छ्वास करण्याजोगे राहत नाही.

मच्छीमाराने यातून पुढील व्यावहारिक गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी की, या दिवसांत मासळी वरच्या थरात व किनाऱ्याच्या बाजूस दाटते. लांब जाऊन खोल पाण्यात तळाशी जाळे टाकणाऱ्यास पुष्कळदा रिकाम्या हाताने परतावे लागते आणि जवळच्या पाण्यात रापणीला मात्र मासळी लागते. हा नशिबाचा खेळ नसून पाण्याचा गुण आहे.

दुसरी गोष्ट अशी की, तळाचे वाईट पाणी ओळखता येते. गळाचे शिसे वर काढल्यावर हातास ठळकपणे थंड लागले, तळाशी ठेवलेल्या जाळ्यात खेकडे वा मासे मेलेले निघाले, किंवा गाळास कुजकट वास आला, तर त्या जागी तळाची मासेमारी थांबवावी. जाळे वरच्या थरात घ्यावे, अथवा होडी उथळ पाण्याकडे आणावी. वारे बदलून हे पाणी मागे हटेपर्यंत, म्हणजे सामान्यतः ऑक्टोबर उलटेपर्यंत, तळाच्या खोल मासेमारीसाठी डिझेल जाळण्यात फारसा अर्थ नसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जवळच्या पाण्यात दाटलेली मासळी म्हणजे मासळीची समृद्धी असे समजू नये. तिला मागे जाण्यास जागा उरलेली नसते, म्हणून ती आपल्या हाती लागते. कोंडलेल्या मासळीवर मोठ्या जाळ्यांनी तुटून पडल्यास एका आठवड्याच्या मिळकतीसाठी सबंध हंगाम गमावण्याची वेळ येते.

बेटे व खडक यांचे महत्त्व

मालवणच्या बंदरासमोर कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. ही जागा निवडण्यामागे जे कारण होते, तेच मच्छीमारालाही उपयोगी आहे. बेटाच्या सभोवती उघडे व बुडालेले खडक विखुरलेले असून परक्या जहाजास त्यांतून वाट काढणे कठीण. माहीतगारास मात्र तेच खडक आडोसा देतात. वेंगुर्ल्याच्या बाहेर, दीपगृह असलेला ‘वेंगुर्ला रॉक्स’ नावाचा खडकसमूह आहे. तेथील पाणी अधिक मोकळे व अधिक धोक्याचे आहे.

वाहत्या पाण्याच्या आड बेट वा खडक आला, की प्रवाह दुभंगतो. समोरच्या अंगास पाणी वर चढते, दोन्ही कडांना त्याचा वेग वाढतो आणि पाठीमागे भोवरे पडून संथ पाणी साचते. अन्नकण व लहान मासे या संथ पाण्यात जमतात आणि त्यांच्या मागावरील मोठे मासे वेगवान प्रवाहाच्या कडेस दबा धरतात. म्हणून गळ टाकणाऱ्याने खडकाच्या अगदी मागील स्तब्ध पाण्यात न टाकता, वाहते व संथ पाणी जेथे एकमेकांस भिडते त्या रेषेवर टाकावा. खडकाच्या कपारीत गोबरा व तांबोशी, तर वरच्या पाण्यात सुरमई व बांगडा मिळण्याचा संभव असतो.

दुसरी लक्ष ठेवण्याजोगी जागा म्हणजे दोन पाण्यांची सीमा. कर्ली, गड इत्यादी नद्यांचे गढूळ पाणी खाडीच्या मुखातून बाहेर पडते आणि काही अंतरावर समुद्राच्या निळसर-हिरव्या पाण्याशी त्याची रेघ उमटते. या रेघेवर फेस, पालापाचोळा व काटक्या तरंगताना दिसतात. तेथे अन्न जमते, म्हणून मासळीही जमते. जाळे या रेघेला समांतर, स्वच्छ पाण्याच्या अंगास सोडावे. ओहोटीला ही रेघ बाहेर सरकते व भरतीला आत येते. जाळ्याची जागाही त्याप्रमाणे बदलावी.

सुरय व इतर समुद्रपक्षी एकाच ठिकाणी वारंवार सूर मारू लागले, तर खाली लहान मासळीचा थवा आहे असे समजावे. पक्षी पुढे सरकत असतील, तर होडी थव्याच्या मधोमध न घालता त्याच्या वाटेच्या पुढे नेऊन इंजिन मंद करावे. अंधाऱ्या रात्री थव्याच्या हालचालीने पाणी चकाकते; अनुभवी माणूस या चकाकीवरून थवा किती मोठा व कोणत्या दिशेस चालला आहे, हे ताडतो. कांडाळीस चांदण्या रात्रीपेक्षा अंधाऱ्या रात्री अधिक मासळी लागते, याचे कारणही उघड आहे. अंधारात माशास जाळे दिसत नाही.

येथे एक सूचना आवश्यक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेले असून त्यातील ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभा होय. या क्षेत्राच्या सीमा व तेथील बंधने वनविभागाच्या कार्यालयातून समजून घ्यावीत. खडकांवरील प्रवाळ व शेवाळ हे लहान माशांचे घर आहे. नांगर ओढून ते मोडणे म्हणजे आपल्याच बियाण्याची कणगी फोडणे होय.

भरती-ओहोटीचा हिशेब

घड्याळ व पंचांग ज्याच्या घरी आहे, त्यास भरतीची वेळ काढता येते. तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे. येणारा अंक म्हणजे मुंबईस पूर्ण भरतीची स्थूल वेळ होय. उदाहरणार्थ, अष्टमीस ८ × पाऊण = ६, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस ती तीनच्या सुमारास व द्वादशीस नऊच्या सुमारास येईल. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूस भरती मुंबईपेक्षा काहीशी लवकर येते, तसेच पाण्याच्या चढउतारातील फरकही मुंबईपेक्षा बराच कमी असतो. आपल्या बंदरात काही दिवस नोंद ठेवून हा फरक प्रत्येकाने निश्चित करून घ्यावा.

अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असते. त्या वेळी प्रवाह जोरकस असतो. अष्टमीच्या सुमारास भांग असते; तेव्हा पाणी मंद वाहते. बेटांभोवती गळाने मासेमारी करण्यास भांगाचे दिवस सोयीचे, कारण शिसे जागेवर राहते व होडी नांगरावर शांत असते. उधाणाच्या दिवसांत मासळी अधिक फिरते, परंतु जाळे प्रवाहात वाहून खडकात अडकण्याचे भय असते. अशा दिवसांत भरती वा ओहोटी पूर्ण होण्याच्या आगेमागे पाणी थोडा वेळ थबकते, तेवढ्याच अवधीत खडकाजवळ काम उरकावे.

खाडीच्या मुखाबाबत विशेष सावधगिरी हवी. देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी असतो तसा वाळूचा दांडा बहुतेक खाड्यांच्या तोंडी असतो. ओहोटीचे व पुराचे पाणी बाहेर धावत असता समोरून लाट आली, की ती दांड्यावर उभी राहून फुटते. बाहेरून पाहणाऱ्यास लाटेची केवळ पाठ दिसते. तिचा फुटणारा चेहरा दिसत नाही. म्हणून परतताना घाई करून ओहोटीत दांडा ओलांडू नये. भरतीच्या शेवटच्या दोन तासांत, पाणी आत वाहत असताना आत यावे. वेळ चुकली तर बाहेर आडोशाला थांबावे, किंवा दुसरे सुरक्षित बंदर गाठावे. घरची माणसे वाट पाहत असतात हे खरे. परंतु उशिरा आलेली होडी घरी येते, दांड्यावर उलटलेली येत नाही.

वारा आणि लाट

पावसाळ्याचा जोर असेतोवर वारा नैर्ऋत्य व पश्चिमेकडून रात्रंदिवस वाहतो. हा जोर ओसरला, की पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा जाणवू लागतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. मतलई वारा ओळीने चार-पाच दिवस पहाटे वाहिला, तर दर्या खुला होऊ लागल्याची ती विश्वासार्ह खूण समजावी. पहाटे मतलईबरोबर बाहेर जावे आणि खारा वारा वाढण्यापूर्वी परतावे, ही जुनी शिस्त इंजिनाच्या होडीसही तितकीच हितकर आहे.

वारा पडला म्हणजे लाट पडली असे मात्र नव्हे. दूरच्या समुद्रात वादळ झाले, तर तेथील लांब लाटा दोन-तीन दिवसांनी शांत हवेतही आपल्या किनाऱ्यावर येतात. खोल पाण्यात त्या होडीस हळुवार उचलतात व जाणवतही नाहीत. बुडालेल्या खडकावर मात्र अकस्मात फुटतात. पाच-सात लाटा लहान गेल्यावर मागून तीन-चार मोठ्या येतात. म्हणून कोणत्याही खडकाजवळ जाण्यापूर्वी दूर थांबून निदान दहा मिनिटे त्यावर नजर ठेवावी. त्या अवधीत एकदाही पाणी फुटलेले दिसले, तर त्या दिवशी तो खडक वर्ज्य समजावा.

ऑगस्टात बेटाच्या जमिनीकडील, म्हणजे आडोशाच्या बाजूसच काम करावे. समुद्राकडील बाजूस गेल्यास आणि तेथे इंजिन बंद पडल्यास लाट व वारा मिळून होडी थेट खडकावर नेतात. पुढे मतलई वारा स्थिर झाल्यावर बाहेरील बाजू खुली होते. तेव्हाही नांगराचा दोर तोडण्यासाठी धारदार कोयता हाताशी ठेवावा.

भारतीय हवामान विभागाचा इशारा व हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे लाटांविषयीचे अनुमान दररोज पाहावे. हे केंद्र उपग्रहाच्या साहाय्याने मासळी मिळण्याचा संभव असलेल्या क्षेत्रांचीही माहिती देते. परंतु आभाळ ढगांनी झाकलेले असता उपग्रहास समुद्राचा पृष्ठभाग नीट दिसत नाही. म्हणून पावसाळी दिवसांत स्वतःच्या निरीक्षणास पर्याय नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असता कोणीही बाहेर जाऊ नये. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या वेळी केरळातील अनेक नौका देवगडच्या बंदरात आश्रयास आल्या होत्या. पावसाळा संपल्यानंतरही अरबी समुद्र किती दगा देतो, हे त्या प्रसंगाने सर्वांस दाखवून दिले.

कोणत्या अवस्थेत कोणते साधन?

पहिली अवस्था : वारा अद्याप पश्चिमेकडून अखंड वाहतो, किनाऱ्यावर लाटा फुटतात, पाणी गढूळ आहे. या अवस्थेत होडी बाहेर काढू नये. खाडीत व खाडीच्या काठाने पाग टाकून अथवा गळाने घरापुरती मासळी मिळवावी. पुराच्या पाण्यात बोय व इतर खाडीचे मासे मुखाकडे ढकलले जातात, ते भरतीबरोबर पुन्हा आत येतात. भरतीच्या आरंभी पाग अधिक फलदायी ठरतो. निसरड्या खडकावर उभे राहून एकट्याने गळ टाकू नये.

दुसरी अवस्था : पहाटे मतलई वारा जाणवतो, लाट मंदावते, गढूळ पाण्याची रेघ किनाऱ्याजवळ सरकते. या वेळी रापण व किनाऱ्याजवळची कांडाळ ही योग्य साधने होत. रापणीचे जाळे होडीने अर्धवर्तुळात सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढतात. सर्वांच्या मेहनतीचे हे साधन असून मासळीचे वाटेही ठरलेल्या रीतीने पडतात. त्यास डिझेल लागत नाही आणि माणसे जमिनीजवळ राहतात, हे त्याचे मोठे गुण आहेत. बेटांच्या आडोशाला भांगाच्या दिवसांत गळ टाकण्यासही ही अवस्था उत्तम.

तिसरी अवस्था : वारा दिवसाआड बदलता, आभाळ बहुतांशी मोकळे, पाणी निवळलेले. सामान्यतः ही स्थिती सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून येते. आता बाहेरील खडकांपर्यंत जाण्यास हरकत नाही. सुरमईसाठी मोठ्या आसाची कांडाळ व गळ वापरावा. निदान दोन होड्यांनी एकमेकींच्या नजरेत राहून काम करावे.

एखादी अवस्था पुढे जाऊन पुन्हा मागे येऊ शकते. सप्टेंबरात पावसाचा जोर पुन्हा झाला, तर तिसऱ्या अवस्थेतून पहिलीवर येण्यात कमीपणा मानू नये.

कोवळ्या मासळीचा प्रश्न

बांगडा व तारली यांची वीण मुख्यतः पावसाळ्याच्या सुमारास होते. म्हणून हंगामाच्या तोंडाशी किनाऱ्यालगत येणाऱ्या थव्यांत कोवळी पिल्ले मोठ्या संख्येने असतात. बारीक आसाच्या जाळ्यात ती मणावारी सापडतात व कवडीमोलाने खताला जातात. तीच पिल्ले दोन-तीन महिने पाण्यात राहिली, तर वजनाने कितीतरी पट वाढून बाजारात मानाने विकली जातात. लोंबी भरण्यापूर्वी भात कापणाऱ्या शेतकऱ्यास आपण वेडा म्हणू. मग येथे वेगळा न्याय का लावावा?

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान ठरवून दिले. त्याच वर्षी राज्यमासा म्हणून घोषित झालेल्या चंदेरी पापलेटासाठी ते १३५ मिलीमीटर आहे. प्रत्येक होडीत एका फळीवर या मापाच्या खुणा कोरून ठेवाव्यात, म्हणजे वाद राहत नाही. रापण ओढताना खोळा वाळूवर आणण्यापूर्वी, तो गुडघाभर पाण्यात असतानाच पिल्ले सोडून द्यावीत. वाळूवर पडलेले पिल्लू पुन्हा पाण्यात टाकल्याने बहुधा वाचत नाही. एका ओढीत पिल्लेच अधिक निघाली, तर त्या दिवशी त्या जागी पुन्हा जाळे टाकू नये.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. श्रावणात पुष्कळ घरांत मासळी वर्ज्य असते व गणेशोत्सवापर्यंत मागणी मंद राहते. म्हणजे ज्या दिवसांत मासळी सर्वांत कोवळी, त्याच दिवसांत तिला भावही कमी. उत्सव आटोपल्यावर मासा वाढतो व मागणीही वाढते. थोडा धीर धरणाऱ्यास निसर्ग व बाजार दोघेही साथ देतात.

प्रखर विजेच्या दिव्यांनी मासळी आकर्षून पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली आहे. कासवासारखा संरक्षित प्राणी जाळ्यात आल्यास जाळे कापून त्यास सोडवावे. अशा वेळी झालेल्या जाळ्याच्या नुकसानीसाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ साली सुरू केली. कापलेले जाळे व सोडवलेला प्राणी यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

मासळीची निगा

भाद्रपदातील उन्हाची तिरीप मासळीस फार लवकर खराब करते. बांगड्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ वासाचा नाही. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात असे द्रव्य तयार होते की, ते खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो व डोके दुखते. शिजवल्यानेही ते नष्ट होत नाही. म्हणून मासळी जाळ्यातून निघताच स्वच्छ समुद्राच्या पाण्याने धुवावी, गोणपाटाच्या सावलीत ठेवावी आणि मासळीइतक्याच वजनाचा बारीक फोडलेला बर्फ थराथराने घालावा. बर्फाचे वितळलेले पाणी वाहून जाण्यास पेटीस खाली छिद्र असावे. खाडीच्या मुखाशी गढूळ पाण्यात मासळी धुऊ नये. जवळच्या पाण्यात पकडलेली, बर्फातली मासळी थोडी असली तरी ताजी असते. विकणाऱ्या भगिनींच्या हाती तिला लांबून आणलेल्या शिळ्या मासळीपेक्षा खात्रीने अधिक दाम मिळतो.

होडी लोटण्यापूर्वी

दोन महिने वाळूवर राहिलेल्या होडीच्या फळ्या सुकून सांधे उघडतात. तिला प्रथम संथ पाण्यात एक दिवस ठेवून गळती पाहावी. इंजिन किनाऱ्याजवळ तासभर चालवून मगच बाहेर न्यावे. पुढील वस्तू होडीत असल्याची खात्री करावी :

१. प्रत्येक माणसास एक जीवरक्षक जाकीट, अंगात घातलेले.
२. वल्ही, सुटा दोर, दुसरा नांगर व पाणी उपसण्याचे भांडे.
३. पाण्यापासून सुरक्षित ठेवलेला भ्रमणध्वनी वा बिनतारी संच, विजेरी व शिट्टी.
४. पिण्याचे पाणी व एक वेळचे अन्न, गरजेहून दुप्पट.
५. होडीचे व खलाशांचे कागदपत्र.

किती माणसे, कोणत्या खडकाकडे व किती वाजेपर्यंत, हे किनाऱ्यावरील एका जबाबदार माणसास सांगितल्याविना होडी सोडू नये. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत होडी न आल्यास त्याने तटरक्षक दलास १५५४ अथवा सागरी पोलिसांस १०९३ या क्रमांकावर कळवावे. सकाळपर्यंत वाट पाहू, असे म्हणण्यात रात्र जाते आणि प्रवाह होडीस कोठल्या कोठे नेतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम केवळ परिपत्रक वाचून दाखवण्याने पुरे होत नाही. बंदरावरील चावडीत किंवा सहकारी संस्थेच्या कार्यालयाबाहेर एक फळा लावून त्यावर रोज सकाळी चार गोष्टी लिहाव्यात : हवामानाचा इशारा, लाटेचे अनुमान, पूर्ण भरतीची वेळ आणि आदल्या दिवशी कोणत्या जागी पिल्ले अधिक आढळली. गावातील वयस्क मच्छीमारांस सोबत घेऊन बुडालेल्या खडकांचा साधा नकाशा तयार करावा. हे ज्ञान अनेक ठिकाणी दोन-चार वृद्धांच्या स्मरणातच उरले आहे. ते कागदावर आले नाही, तर त्यांच्याबरोबर जाईल आणि त्याची किंमत तरुण खलाशांस मोजावी लागेल.

मतलई वारा कोणत्या दिवशी सुरू झाला, पहिली रापण केव्हा ओढली, बांगडा केवढा होता, तळाचे पाणी कोठे वाईट आढळले, एवढ्या चार नोंदी दर वर्षी एका वहीत लिहिल्या, तर पाच वर्षांत गावाजवळ स्वतःचे समुद्राचे पंचांग तयार होईल. ज्या गावाजवळ असे पंचांग आहे, त्या गावातील होडी शेजाऱ्याची होडी गेली म्हणून जाणार नाही. दर्याने वाट दिली म्हणून जाईल, आणि भरलेली परत येईल.